पवित्र गुरुवार: पाय कोणाचे धुवायचे?

पालखी पुण्यात मुक्कामाला आली की नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या आसपास वारकऱ्यांचे पाय चेपून द्यायला माणसं बसलेली दिसतात. त्याच नाना पेठेत, पेशव्यांनी दिलेल्या जागेवर १७९२ पासून असलेल्या चर्चमध्ये, ईस्टरआधीच्या गुरुवारी संध्याकाळी फादर कमरेला टॉवेल बांधून खाली वाकतात. पुणेकराला पाय धुण्याचं अप्रूप नाही. शिष्य गुरूचे धुतो, सीमांतपूजनात वधूचे आईवडील जावयाचे धुतात. इथे मात्र गुरूच वाकतो. मरणाच्या आदल्या रात्री, शेवटच्या भोजनावेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची ही आठवण. त्या शिष्यांतल्या पेत्रालाही नेमकं तेच खटकलं होतं.

जुना इतिहास थोडक्यात आटोपतो. ६९४ साली स्पेनमधल्या तोलेदोच्या धर्मसभेने हा विधी बंधनकारक केला. मठांत गरिबांचे पाय धुतले जात, इंग्लंडचे राजेही सतराव्या शतकापर्यंत धुवत. पण सामान्य भाविकाला हे फारसं दिसत नसे, कारण विधी मिस्सापासून, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेपासून, वेगळा आणि बहुधा कॅथेड्रल नाहीतर मठापुरता राहिला होता.

खरा गुंता १९५५ पासूनचा. त्या वर्षी रोमने पवित्र आठवड्याच्या विधींची फेररचना केली आणि पाय धुणं ऐच्छिक म्हणून संध्याकाळच्या मिस्सात आणलं. (पुरोहित घडवणारी नगर रोडवरची सेमिनरी श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली तीही १९५५ मध्येच, म्हणजे इथे तयार झालेल्या पुरोहितांना हा विधी नव्या रूपातच शिकायला मिळाला.) नियमात लॅटिन शब्द होते ‘विरी सेलेक्ती’, निवडलेले पुरुष, आणि तेही बारा. १९७० च्या मिस्साग्रंथातून बारा हा आकडा गेला. ‘विरी’ मात्र राहिला. या शब्दाचा अर्थ ‘माणसं’ असा सैल करता येत नाही. लॅटिनमध्ये माणसासाठी ‘होमो’ आहे, ‘विर’ म्हणजे पुरुषच. त्यामुळे स्त्रियांना बसवणारे धर्मगुरू नियम मोडत होते, हे मान्य करावं लागतं.

पण नियम तसा का होता? एका बाजूचं म्हणणं असं की त्या रात्री प्रभुभोजनाबरोबर पुरोहितपदाचीही स्थापना झाली. म्हणून बसलेले बाराजण प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या बारा निवडक शिष्यांच्या जागी, आणि प्रेषित पुरुष. दुसरी बाजू म्हणते, हा सेवेचा कित्ता आहे, पदाचा नाही. मला दुसरी बाजू पटते, आणि तीही पवित्र शास्त्रामुळेच. योहानाच्या तेराव्या अध्यायात बारा हा आकडा कुठेच नाही, ‘शिष्य’ आहेत. त्याच्या एकच अध्याय आधी मरीया (आई नव्हे, लाजराची बहीण) येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते केसांनी पुसते. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर विधवेचं नाव मंडळीच्या यादीत घेण्याच्या अटींमध्ये ‘पवित्र जनांचे पाय धुतलेली’ ही एक अट आहे. म्हणजे मंडळीत पाय धुण्याचं काम बाया पहिल्यापासून करत होत्या, आपल्याकडे घरोघरी करतात तशाच. वाद उभा राहिला तो त्यांचे पाय धुण्याची वेळ आल्यावर.

२०१३ च्या मार्चमध्ये तेव्हाचे नवे पोप फ्रान्सिस रोमच्या बालसुधारगृहात गेले आणि त्यांनी बाराजणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, त्यांतली एक मुसलमान. नियम तोवर बदललेला नव्हता. नियम करणाऱ्यानेच तो बाजूला ठेवला, आणि टीकाकारांचा हा आक्षेप अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. जानेवारी २०१६ मध्ये शब्द बदलला. आता देवाच्या प्रजेतून, म्हणजे भाविकांतून, कोणालाही निवडता येतं. त्यात स्त्री-पुरुष, तरुण-वृद्ध, धडधाकट आणि आजारी असे सगळे असावेत, असंही सुचवलं आहे.

हा बदल लॅटिन विधीपुरता, म्हणजे रोमची परंपरा पाळणाऱ्या चर्चेसपुरता. केरळमधल्या सीरियन परंपरेच्या मोठ्या कॅथलिक चर्चने (सिरो-मलबार) २०१७ मध्ये आपली पुरुषांचे आणि मुलग्यांचे पाय धुण्याची रीत कायम ठेवली. पुण्यात दोन्ही परंपरांची चर्चेस आहेत. त्या संध्याकाळी एकीकडे आज्या अनवाणी पुढे येऊन खुर्चीत बसतात, दुसरीकडे त्या बाकावरूनच पाहतात.