परागंदा पत्रकार आणि राजकीय हेतूची प्रत्यार्पण-मागणी

मायदेशातील कारवाई टाळण्यासाठी परदेशात आश्रय घेतलेल्या पत्रकाराला आपल्या ताब्यात द्यावे, अशी त्याच्या देशाच्या सरकारने केलेली मागणी म्हणजे प्रत्यार्पणाची मागणी. खरा रोष लेखनावर असतो, पण मागणीपत्रात बातमीचा उल्लेख क्वचितच सापडतो. तिथे दहशतवादी संघटनेचे सदस्यत्व, हेरगिरी, फसवणूक, करचुकवेगिरी अशी कलमे असतात, कारण उघड राजकीय आरोप परक्या न्यायालयात टिकत नाही.

1957 च्या युरोपीय प्रत्यार्पण कराराचे कलम 3 राजकीय गुन्ह्यासाठी प्रत्यार्पण नाकारते. त्याच कलमाचा दुसरा भाग पत्रकारांसाठी जास्त मोलाचा आहे: साध्या गुन्ह्याच्या आडून राजकीय मतांबद्दल शिक्षा करण्याचा हेतू असेल, तरीही नकार द्यावा लागतो. शिवाय आरोप दोन्ही देशांत गुन्हा ठरला पाहिजे. 1951 च्या निर्वासितविषयक कराराचे कलम 33 छळाच्या धोक्यात परत पाठवण्यास मनाई करते.

हे निकष एकत्र कसे लागू होतात, ते बुलेंत केनेश यांच्या खटल्यात दिसते. ‘टुडेज झमान’ या तुर्की वृत्तपत्राच्या या माजी संपादकाला तुर्कस्तानने 2016 च्या बंडाच्या प्रयत्नाशी जोडून स्वीडनकडे मागितले. स्वीडनच्या नाटो प्रवेशाला तुर्कस्तानची संमती हवी होती आणि त्याच्या वाटाघाटी चालू होत्या, तरीही स्वीडनच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये प्रत्यार्पण रोखले. काही आरोप स्वीडनमध्ये गुन्हा नाहीत, प्रकरण राजकीय आहे, केनेश यांना निर्वासित दर्जा आहे आणि परतल्यास छळाचा धोका आहे, ही त्यामागची कारणे. न्यायालयाने असा नकार दिला की तिथल्या सरकारला होकार देता येत नाही.

मात्र खटला जिंकण्याआधीची अटकच मोठी शिक्षा ठरते. युरोपीय करारानुसार कागदपत्रे येण्यापूर्वीच तात्पुरती अटक करता येते. ती 18 दिवसांनंतर संपवता येते आणि 40 दिवसांपलीकडे नेता येत नाही. मागणीपत्र वेळेत पोहोचले तर मात्र कोठडी लांबते. तुर्की वंशाचे स्वीडिश पत्रकार हमजा याल्चन 2017 मध्ये बार्सिलोना विमानतळावर पकडले गेले आणि सुमारे दोन महिने कोठडीत राहिले. शेवटी स्पेनने तुर्कस्तानची मागणी फेटाळली. बेलारूसचे दिग्दर्शक व पत्रकार आंद्रेइ ग्न्योत यांना करचुकवेगिरीच्या आरोपावरून ऑक्टोबर 2023 मध्ये सर्बियातील बेलग्रेडला अटक झाली. तुरुंग आणि नजरकैद मिळून त्यांचे वर्ष गेले.

अशा अटकेमागे अनेकदा इंटरपोल या आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेची रेड नोटीस असते, म्हणजे हवी असलेली व्यक्ती शोधून तात्पुरती ताब्यात घेण्याची सदस्य देशांना केलेली विनंती. ती अटक वॉरंट नव्हे. तिला किती वजन द्यायचे ते प्रत्येक देश ठरवतो. इंटरपोलच्या घटनेचे कलम 3 राजकीय स्वरूपाच्या हस्तक्षेपाला सक्त मनाई करते, पण तक्रार आल्याशिवाय अनेक नोटिसा निसटतात. म्हणून प्रवासाआधीच इंटरपोलच्या फाइल-नियंत्रण आयोगाकडे आपल्या नावाची माहिती मागावी. अर्ज निःशुल्क असतो. तो दाखल करून घेतल्यावर माहितीसाठी 4 महिने, नोंद वगळण्यासाठी 9 महिने अशी मुदत आहे. मागणी करणाऱ्या देशाने हरकत घेतली तर माहिती दडवली जाऊ शकते. अर्जासोबत आश्रयाचा निर्णय, वादग्रस्त लेख आणि गुन्हा नोंदवल्याची तारीख जोडावी. लेखानंतर लगेच गुन्हा नोंदला गेला असेल तर हेतू दाखवणे सोपे जाते.

नोंद वगळली तरी धोका पूर्ण टळत नाही. सदस्य देशांनी आपल्या यंत्रणेत उतरवून घेतलेली प्रत आपोआप पुसली जात नाही, त्यामुळे सीमेवर जुनीच नोंद समोर येते. वगळल्याचे पत्र आणि वकिलाचा क्रमांक जवळ असावा. दोन सरकारांच्या थेट व्यवहारात तर इंटरपोलचा संबंधच येत नाही: उझबेक पत्रकार बोबोमुरोद अब्दुल्लायेव यांना 9 ऑगस्ट 2020 रोजी किर्गिझस्तानातील बिश्केकमध्ये पकडून दोनच आठवड्यांत उझबेकिस्तानच्या हवाली करण्यात आले.