वृद्ध परिचर्या आणि साहाय्यक उपकरणे

वृद्ध रुग्णांच्या देखभालीत वापरली जाणारी काठी, वॉकर, श्रवणयंत्र, हवेची गादी, खाटेचा गजर, गळ्यातले संकटकालीन बटण, अलीकडे यंत्रमानव, अशी साधने रुग्णाला आणि त्याच्याजवळ असणाऱ्या माणसांना कितपत उपयोगी पडतात, हे तपासणारे परिचर्याशास्त्रातील संशोधन. यंत्र चालते की नाही हे अभियंता पाहतो, आजार हटतो की नाही हे डॉक्टर पाहतो. पण रात्रपाळीला वॉर्डात एकच सिस्टर असताना ते यंत्र कोण लावणार, त्याचा गजर वाजल्यावर कोण धावणार आणि त्यामुळे म्हाताऱ्या माणसाचे हाल कमी होणार की नुसते दुसऱ्या जातीचे होणार, हे प्रश्न परिचारिकांनीच लावून धरले. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये 50 प्राधान्य साधनांची यादी काढली. संघटना आणि युनिसेफ यांच्या 2022 च्या अहवालानुसार जगात 250 कोटींहून अधिक लोकांना यांपैकी किमान एका साधनाची गरज आहे.

या संशोधनाचा सर्वांत जुना आणि सर्वांत कसदार भाग शय्याव्रणांविषयीचा, म्हणजे अंथरुणात पडून राहून होणाऱ्या जखमांविषयीचा आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर शरीराचा भार सतत पडतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि कातडीला रक्त मिळेनासे होते. पाठ टेकवून अर्धवट बसवलेला रुग्ण हळूहळू खाली घसरतो तेव्हा वरची कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले हाड पुढे सरकते. ही ओढ नुसत्या दाबाइतकीच घातक असते. त्यात लघवीचा ओलावा आणि अपुरे खाणे यांची भर पडते. पूर्वी यावर स्पिरिट चोळणे, पावडर लावणे, नाना तऱ्हेची मलमे फासणे असे उपाय चालत आणि प्रत्येक वॉर्डाची आपली आवडती बाटली असे.

डोरीन नॉर्टन या ब्रिटिश परिचारिकेने मॅकलॅरन आणि वृद्धवैद्यकतज्ज्ञ एक्स्टन-स्मिथ यांच्याबरोबर वृद्ध रुग्णांच्या परिचर्येतील अडचणींची पाहणी करून ती 1962 मध्ये प्रसिद्ध केली. त्यातून दोन गोष्टी हाती आल्या. बाटल्यांपेक्षा नियमितपणे कूस बदलणे अधिक कामाचे, ही एक. दुसरी म्हणजे नॉर्टन मापश्रेणी. शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणात हालचाल करण्याची क्षमता आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी 1 ते 4 गुण द्यायचे. बेरीज 14 किंवा त्याहून कमी आली तर रुग्णाला धोका आहे असे धरायचे. जखम होण्याआधीच तिचा अंदाज घेण्याची ही पद्धत परिचारिकेच्या नजरेला आकड्यात बसवणारी होती. अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी 1987 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ब्रेडन मापश्रेणीत संवेदना, ओलावा, आहार, घर्षण-ओढ यांच्यासह सहा घटक आहेत आणि गुण 6 ते 23 यांदरम्यान येतात. आज अनेक देशांतल्या वॉर्डांत हीच चालते.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम मात्र कित्येक दशके जवळजवळ न तपासताच पाळला गेला. बर्गस्ट्रॉम यांनीच 2013 मध्ये तो तपासला. अमेरिका आणि कॅनडातील 27 शुश्रूषागृहांतील 942 वृद्धांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडले आणि त्यांना दर दोन, तीन किंवा चार तासांनी कुशीवर वळवले. सगळे दाट फोमच्या गादीवर होते. तीन आठवड्यांत एकूण 2 टक्के जणांना जखमा झाल्या आणि तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. याचा अर्थ कूस बदलायची गरज नाही असा घेणे चुकीचे ठरेल. गादी चांगली होती आणि ठरल्या वेळी वळवले की नाही याची नोंद होत होती. या दोन्ही अटी पाळल्या तरच चार तासांची मुभा. तिचा फायदा रुग्णाला रात्री सलग झोप मिळण्यात आहे.

आपल्याकडे ‘एअर बेड’ म्हणून भाड्याने मिळणारी, आळीपाळीने फुगणारी-बसणारी गादी कितपत चांगली, या प्रश्नाचे उत्तर लीड्स विद्यापीठातील जेन निक्सन या मूळच्या परिचारिका असलेल्या संशोधिकेच्या चाचण्यांतून मिळते. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या चाचणीत ब्रिटनमधील 2,029 रुग्ण होते. हवेच्या गादीवरील 6.9 टक्के रुग्णांना कातडी फाटणारी जखम झाली, उत्तम फोमच्या गादीवरील 8.9 टक्क्यांना. सबंध पाठपुराव्याच्या काळात हा फरक ठाम म्हणावा एवढा भरला नाही. हवेच्या गादीचा उपयोग नाही असे यातून निघत नाही. पण ती अंथरली म्हणजे पाठ बघायला नको, अशी जी समजूत घराघरांत आढळते, तिला यात आधार नाही. औषधांच्या दुकानात मिळणारी मधे भोक असलेली रबरी रिंग तर आजच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वापरूच नये, कारण तिच्या काठाखालचे रक्ताभिसरण अडते. आणखी एक अडचण पाठ्यपुस्तकांत फार काळ दुर्लक्षित राहिली. जखमेची पहिली खूण म्हणजे दाबूनही न जाणारा लालसरपणा, असे शिकवले जाते. सावळ्या कातडीवर तो डोळ्यांना दिसतोच असे नाही. तिथे हात लावून ऊब, कडकपणा, दुखरेपणा पाहावा लागतो.

पडण्याविषयीच्या संशोधनात यंत्रांची निराशा अधिक उघड आहे. रुग्ण उठू लागला की वाजणारा खाटेचा गजर अमेरिकी रुग्णालयांत सर्रास बसवला गेला. तिथल्या एका रुग्णालयातील 16 वॉर्डांत 27,672 रुग्णांवर झालेल्या आणि 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या वॉर्डांना गजर वापरण्याचे शिक्षण आणि मदत दिली. गजरांचा वापर कित्येक पटींनी वाढला, पडणाऱ्यांची संख्या कमी झाली नाही. गजर वाजेपर्यंत माणूस उठलेला असतो आणि सिस्टर तीन खोल्या पलीकडे असते, एवढे साधे त्याचे कारण असावे.

याउलट बोस्टन परिसरातील परिचारिका-संशोधिका पॅट्रिशिया डाइक्स यांनी संगणकाचा उपयोग वेगळ्या प्रकारे केला. रुग्णाच्या धोक्यांची माहिती भरली की त्यावरून त्याच्यापुरता फलक छापून निघे आणि तो खाटेशी लावला जाई: याला वॉकर लागतो, याला संडासला जाताना सोबत लागते, वगैरे. हा कागद सिस्टर, मावशी, नातलग आणि स्वतः रुग्ण अशा सगळ्यांना वाचता येई. 2010 च्या चाचणीत चार रुग्णालयांत पडण्याचे प्रमाण दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस वॉर्डात म्हणजे एक रुग्णदिवस) 4.18 ऐवजी 3.15 आढळले आणि 65 वर्षांवरील रुग्णांना जास्त फायदा झाला. त्या वेळी इजा मात्र कमी झालेल्या दिसल्या नाहीत. पुढे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 37,000 हून अधिक रुग्णांच्या अभ्यासात इजा होणाऱ्या पडण्यातही 34 टक्क्यांची घट नोंदली गेली.

घरी एकट्या राहणाऱ्यांसाठी गळ्यात घालायचे बटण असते. केंब्रिजमधील नव्वदी ओलांडलेल्या 110 जणांचा वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास 2008 मध्ये आला. ज्यांच्याकडे असे बटण होते आणि जे एकटे असताना पडून उठू शकले नाहीत, त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते दाबलेच नाही. कुणाला त्रास द्यायचा नव्हता, कुणाला आपले आपण उठता येईल असे वाटत होते, कुणी ते काढून ठेवले होते.

रुग्णाला खाटेला किंवा खुर्चीला बांधून ठेवण्याचे पट्टे हीही एक प्रकारे उपकरणेच, आणि ती काढून टाकणे ही परिचर्या संशोधनाची मोठी कामगिरी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या लोइस इव्हान्स आणि नेव्हिल स्ट्रम्फ या प्राध्यापिकांनी 1980 च्या दशकापासून हा विषय लावून धरला. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत तीन शुश्रूषागृहे होती. जिथे कर्मचाऱ्यांना शिक्षण आणि शिवाय तज्ज्ञ परिचारिकेचा सल्ला मिळाला तिथे बांधण्याचे प्रमाण 56 टक्क्यांनी घटले, नुसत्या शिक्षणाने 23 टक्क्यांनी, काहीच न केलेल्या ठिकाणी 11 टक्क्यांनी. कर्मचारी वाढवावे लागले नाहीत आणि गंभीर दुखापतीही वाढल्या नाहीत.

यंत्रमानवांपैकी सर्वाधिक अभ्यास झाला तो ‘पारो’चा. जपानच्या त्सुकुबा येथील राष्ट्रीय संशोधन संस्थेत ताकानोरी शिबाता यांनी 1993 पासून तो घडवला. 2009 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला वैद्यकीय उपकरण मानले. सीलच्या पांढऱ्याशुभ्र पिल्लासारखा, सुमारे 2.7 किलो वजनाचा हा प्राणी कुरवाळल्यावर डोळे मिचकावतो, आवाज करतो. सील निवडण्यामागे व्यवहार होता: कुत्र्यामांजराची सर्वांना सवय असते, त्यामुळे नक्कल लगेच खटकते, सील मात्र कुणी पाळलेला नसतो.

ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या परिचर्येच्या प्राध्यापिका वेंडी मॉइल यांनी क्वीन्सलँडमधील 28 निवासी केंद्रांत, स्मृतिभ्रंश असलेल्या 415 वृद्धांवर त्याची चाचणी घेतली. निष्कर्ष 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, प्रत्येकी 15 मिनिटे. एका गटाला चालू पारो, दुसऱ्याला तोच पारो पण बंद केलेला, म्हणजे नुसते मऊ खेळणे, आणि तिसऱ्याला नेहमीची देखभाल. दुसऱ्या गटामुळे ही चाचणी पारोच्या इतर अनेक अभ्यासांपेक्षा वरचढ ठरते, कारण यंत्राचा परिणाम आणि मांडीवर काहीतरी उबदार असण्याचा परिणाम तिथे वेगळे काढता येतात. चालू पारोशी रुग्ण अधिक बोलले, त्याच्याकडे अधिक पाहत राहिले. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत आनंद अधिक दिसला आणि चित्रफितींवरून पाहता अस्वस्थता कमी दिसली. पण अस्वस्थतेच्या प्रमाणित प्रश्नावलीत तिन्ही गटांत फरक आढळला नाही. पारोची किंमत हजारो डॉलर. खर्चाचा हिशेब मांडला तेव्हा बंद खेळणे किंचित सरस ठरले.

यातला नैतिक वाद मिटलेला नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला सील जिवंत वाटतो, तेव्हा तिची फसवणूक होते काय, असे एक बाजू विचारते. दुसरी बाजू म्हणते की बाहुलीला अंगाई म्हणणाऱ्या बाईची फसवणूक झाली असे कुणी म्हणत नाही. वॉर्डात काम करणाऱ्यांची भीती निराळी आणि अधिक खरी वाटते: पारो आला म्हणून एक मावशी कमी केली जाईल.

भारतात साधने पोहोचवण्यावर भर आहे. केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत 2017 पासून शिबिरांतून काठ्या, वॉकर, श्रवणयंत्रे, कवळ्या, चष्मे, चाकाच्या खुर्च्या दिल्या जातात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 2024 पासून 65 वर्षे पूर्ण केलेल्या, कमी उत्पन्नाच्या व्यक्तींना एकदाच 3,000 रुपये थेट खात्यात मिळतात. महाराष्ट्रात 2011 च्या जनगणनेनुसार 9.9 टक्के लोक साठीच्या पुढचे होते, तेव्हा गरज उघड आहे. पण काठी हातात आल्यावरचे काम परिचारिकेचे किंवा भौतिकोपचारतज्ज्ञाचे असते. उभे राहून हात सैल सोडल्यावर मनगटाची घडी जिथे येते, तितकी मुठीची उंची हवी. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. खालचे रबर झिजले की बदलायचे. पैसे खात्यात जमा झाले तरी हे सांगणारे कुणी भेटेलच असे नाही.

नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठात एम.एस्सी. नर्सिंगसाठी प्रबंध सक्तीचा आहे. वृद्धांविषयीच्या अशा प्रबंधांचा नेहमीचा साचा म्हणजे आधी प्रश्नावली, मग शिकवणीचा कार्यक्रम, मग पुन्हा तीच प्रश्नावली. शिकवल्यावर गुण वाढतात, हे सिद्ध करायला फारसे कष्ट पडत नाहीत. घरी ब्युरोकडून आलेली ताई किंवा सून त्यानंतर रात्री खरोखर कूस बदलते का, टाच तपासते का आणि जखमा कमी होतात का, हे मोजायचे तर तेच कुटुंब काही महिने धरून ठेवावे लागते. पदवीच्या वेळापत्रकात ते बसत नाही.