आगोटीच्या यादीत पाणी पहिलं

२२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात पाणी भरायला लागलं, तेव्हा आमच्या आत्याने आतेभावाला हाक मारली, "टीव्ही राहू दे तिथेच. आधी कळश्या वर ने." दोन कळश्या, एक हंडा आणि झाकणाचा मोठा स्टीलचा डबा, एवढं पिण्याचं पाणी त्याने जिन्याने वर नेलं. मग शेगडी, मग पोह्यांचा डबा, मग कागदपत्रांची पिशवी. टीव्ही, फ्रीज, कपाट खाली राहिलं आणि वाशिष्ठी नदीने नासवलं. पुढचा दीड दिवस सात माणसं वरच्या खोलीत होती. शेजारच्यांनी चौघं लागून फ्रीज वर चढवला. फ्रीज वाचला, पण संध्याकाळी धाकट्या मुलाला पाजायला त्यांच्याकडे पाणी नव्हतं. आत्याने गॅलरीतून दोरीला किटली बांधून पाणी पाठवलं.

पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा तिने हे सगळं अगदी सहज सांगितलं. २६ जुलै २००५ चा पूर तिने पाहिला होता, आणि त्याहून जुनी एक सवय तिच्या हाडात मुरलेली होती. आगोटीची.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागायच्या आधीचे दिवस म्हणजे आगोट. पाऊस एकदा बसला की वाट बंद, होडी बंद, बाजार बंद, म्हणून चार महिन्यांची बेगमी आधीच करायची. लाकूडफाटा माळ्यावर, सोडणं (नारळाची सालं) पडवीत, सुकट-बोंबील डब्यात, आमसुलं, आंबोशी, फणसाची साठं, कुळीथ, मीठ. घाटावरही हीच रीत होती. तिथे कुरडया, सांडगे, पापड आणि वर्षाचं धान्य. त्याला कुणी 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणत नव्हतं, ते घरकामच होतं. नळ, वीज आणि कोपऱ्यावरचं दुकान चोवीस तास हाताशी आलं तशी ही सवय सुटली. ती परत लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं. फक्त यादीचा क्रम बदलायला हवा. जुन्या आगोटीत पाण्याची चिंता नव्हती, कारण विहीर परसात होती आणि पाऊस दारात. आजच्या घरात वीज गेली की पंप बंद, पंप बंद की टाकी रिकामी, आणि पूर आला की तळटाकीत गटाराचं पाणी. उपाशी माणूस काही दिवस तग धरतो, पाण्यावाचून दोन-तीन दिवसांत कोसळतो. तरी इशारा आला की रांग लागते ती दूध, बटाटे आणि बिस्किटांसाठी.

हिशेब सोपा आहे. पिणं आणि जुजबी स्वयंपाक धरून माणशी रोज चार लिटर. चौघांच्या घराला तीन दिवसांचे ४८ लिटर, म्हणजे २० लिटरचे दोन जार आणि एक कळशी. एवढं पाणी शहरातल्या वन-रूम-किचनमध्येही मावतं. अंग पुसणं, संडास, भांडी यांचं पाणी वेगळं. त्यासाठी इशारा मिळताच बादल्या, पिंप, वॉशिंग मशीनचा टबसुद्धा भरून ठेवावा. साठवलेलं पाणी झाकलेलं आणि सावलीत असावं, आणि हात त्यात बुडता कामा नये. आजीच्या काळचं लांब दांड्याचं ओगराळं याच कामाचं. भांड्यात शुद्ध पाणी असूनही ते बऱ्याचदा घरातच नासतं, पेला धरलेल्या बोटांनी.

पूर ओसरल्यावर नळाला पाणी आलं की जीव भांड्यात पडतो, पण पहिले काही दिवस त्या पाण्यावर विश्वास ठेवू नये. जलवाहिनीत दाब असतो तोवर फटीतून पाणी बाहेर गळतं. पंप बंद पडून दाब उतरला की उलटं होतं आणि त्याच फटींतून बाहेरचा चिखल आत ओढला जातो. गढूळ पाणी आलं तर पायऱ्या चुकवायच्या नाहीत. आधी गाळायचं, मग तुरटी, मग उकळणं किंवा क्लोरीन. मातीचे बारीक कण ऋण विद्युतभाराचे असतात, एकमेकांना लांब ढकलतात, म्हणून तासन्‌तास खाली बसत नाहीत. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा भार धन. तो कणांचा भार मारतो, कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. तुरटी फिरवलेल्या घागरीत तासाभराने वरचं पाणी नितळ दिसतं ते यामुळे. पण नितळ झालं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही, आणि इथेच घरोघरी चूक होते.

गाळण्याबद्दल एक गोष्ट मला फार आवडते. कॉलऱ्याचा जंतू इतका बारीक की कुठल्याही लुगड्याच्या विणीतून सहज निसटेल. पण नदी-तळ्याच्या पाण्यात तो बराचसा एका इवल्या, झिंग्याच्या जातीच्या जीवाला चिकटून राहतो, आणि तो जीव मात्र कापडात अडकतो. रीटा कोलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या खेड्यांमध्ये बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्या करून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलऱ्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन धागा फुलतो आणि विणीतली भोकं लहान होतात. आईची विरलेली सुती साडी पुसायला फाडण्याआधी तिचा एक हातभर तुकडा स्वच्छ धुऊन, वाळवून पाण्याच्या जारशेजारी ठेवा.

गाळलेलं पाणी खळखळून उकळलं आणि एक मिनिट तसंच ठेवलं की पुरे. वीस-वीस मिनिटं उकळून गॅस वाया घालवायची गरज नाही. दहा लिटर पाणी उकळायला साधारण सव्वाशे ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे अर्धं सिलिंडर हाताशी असेल तर पाण्याची चिंता बरीच मिटते. गॅस नसेल तर आशाताई किंवा आरोग्यसेवक वाटतात ते क्लोरीनचे थेंब किंवा गोळ्या. बाटलीवर लिहिलंय तेवढंच प्रमाण घ्यायचं आणि अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवर आणि कुजक्या पाल्यावरच खर्च होतो, जंतूंपर्यंत पोचत नाही, म्हणून आधी नितळणं सक्तीचं.

एवढं करूनही कुणाला जुलाब लागलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. साखर इथे तरतरीसाठी नसते. आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जुलाब चालू असतानाही हे दार उघडं राहतं. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच साखर-मीठ-सोड्याचं पाणी पिंपांतून वाटलं आणि कॉलऱ्याने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. घरात तयार पाकिटं असतील तर उत्तमच. मूल मलूल पडलं, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर मात्र घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा.

आता वीज आणि गॅस. पुरातला धोका पाण्यात बुडण्याचाच असतो असं आपण धरून चालतो. पण पाणी बटणांच्या बोर्डापर्यंत चढतं आणि मेन स्विच चालूच असतो, तो क्षण फार वाईट. "आमच्याकडे एमसीबी आहे" असं लोक निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारं बटण, वायरी जळू नयेत म्हणून असते. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या बराच वर प्रवाह गेला की पडते. माणसाचं हृदय बिघडायला त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी प्रवाह पुरतो. माणूस वाचवणारं उपकरण वेगळं असतं. त्याला आपल्याकडचे वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात, नवं नाव आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढा कुठून तरी, कदाचित कुणाच्या अंगातून, जमिनीत चाललाय हे ओळखून ते क्षणार्धात वीज तोडतं. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं. ते महिन्यातून एकदा दाबून पाहायचं. दाबल्यावर वीज गेली नाही तर ते उपकरण नावालाच भिंतीवर आहे. पाणी आवारात शिरलं की मेन स्विच बंद, आणि ओसरल्यावर वायरमनने पाहिल्याशिवाय चालू करायचा नाही.

सिलिंडरचं तर बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. घरचं भरलेलं सिलिंडर टाकीसकट तीस किलोच्या आतबाहेर असतं, आणि बुडालं तर तेहतीस लिटरहून जास्त पाणी बाजूला सारतं. म्हणजे भरलेलं सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतं. रिकामं तर होडीच. नळी जोडलेली असताना ते तरंगलं की नळी ताणली जाऊन निसटते. गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्याच्या पृष्ठाला धरून पसरतो आणि अंधारात जवळच कुणीतरी मेणबत्ती लावलेली असते. म्हणून रेग्युलेटर काढून, टोपी लावून सिलिंडर वर न्यायचं. नेता आलं नाही तर खिडकीच्या गजाला दोरीने उभं बांधायचं. ही दोरी स्वयंपाकघरातच खिळ्याला टांगलेली असावी.

खाण्याचं तुलनेने सोपं आहे आणि तिथे आपल्या आज्या आपल्यापेक्षा हुशार होत्या. ओल्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असतं, म्हणून तो काही तासांत नासतो; वलांडीवर (वाळवायच्या दोरीवर) कडकडीत वाळला की वर्ष काढतो. जंतूंना आणि बुरशीला मोकळं पाणी लागतं. वाळवणाने ते उडवायचं, मिठाने किंवा साखरेने बांधून टाकायचं. पापड आणि खारातली कैरी एकाच तत्त्वावर टिकतात. कडधान्याला राख चोळायची ती का, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. किड्याच्या अंगावर मेणाचा पातळ थर असतो, त्याने त्याच्या शरीरातलं पाणी आत राहतं. राखेचे कण तो थर खरवडतात आणि किडा वाळून मरतो. विषाचा थेंब न वापरता.

अडचणीच्या तीन दिवसांसाठी मात्र असं खाणं हवं की चूल पेटली नाही तरी चालेल. पोहे त्यात पहिले. टरफलासकटचं भात अर्धवट शिजवून, भाजून, कुटून पोहे होतात, त्यामुळे त्यातला स्टार्च आधीच शिजलेला असतो आणि नुसत्या पाण्याने मऊ पडतो. तसंच सातूचं पीठ आणि गूळ, फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, खजूर. यासाठी वेगळा 'आपत्तीचा डबा' भरून कपाटाच्या तळाशी पुरून ठेवू नये. दोन वर्षांनी उघडाल तर खवट वास येईल. रोज खातो तेच थोडं जास्त आणायचं, आणि आधी आणलेलं आधी संपवायचं. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर आतला गारवा चार तास टिकतो, सारखं उघडून पाहिलं की तेवढाही नाही. इन्सुलिन घेणारं कुणी घरात असेल तर ते कसं ठेवायचं हे डॉक्टरांना पाऊस सुरू होण्याआधीच विचारून घ्या. माठात ठेवण्याची युक्ती विदर्भाच्या उन्हाळ्यात छान चालते. कोकणातल्या जुलैत हवाच पाण्याने भरलेली असते, माठाचं पाणी उडत नाही आणि माठ गार होत नाही.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा लोकांना सगळ्यात जास्त सतावलं ते घरच्यांना 'आम्ही बरे आहोत' एवढं न कळवता येण्याने. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच अशी क्षमता लिहिलेली असते, पण व्होल्टेज चढवण्यात आणि उष्णतेत ऊर्जा जाते, म्हणून ५,००० चा फोन त्यावर दोनदा भरत नाही, दीडदा भरतो. रेंज नसली की फोन टॉवर शोधत जास्त जोर लावतो आणि बॅटरी पितो. त्यामुळे विमान मोड लावून ठेवावा आणि ठरल्या वेळी दहा मिनिटं उघडावा, समजा सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा. कॉल लागत नसताना साधा एसएमएस बहुधा जातो. ११२ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ कागदावर लिहून दाराच्या मागे चिकटवा, कारण नंबर फोनमध्ये आणि फोन बंद, हे ठरलेलं.

यंदा मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही घरी एक रात्र मेन स्विच आणि नळाचा कॉक बंद करून पाहिली. पाणी पुरलं, पोहे झाले. विजेरीतले सेल मात्र फुटून त्यांची पांढरी पूड स्प्रिंगला चिकटली होती, म्हणून आता सेल बाहेर काढून शेजारीच पिशवीत ठेवतो. आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला अंधारात मेन स्विच सापडला नाही. तिचा हात तिथवर पोचतच नव्हता. दुसऱ्या दिवशी बोर्डावर रेडियमची पट्टी चिकटवली, खाली एक पाट ठेवला, आणि रात्री दिवे घालवून तिने तो स्वतः तीनदा बंद करून दाखवला.