पिंपळ वाळला नाही, पाणी भरून घेतोय

"वाळलं ना जी तुमचं झाड?" मार्चच्या सुरुवातीला शेजारचे काकाजी फाटकातून विचारत होते. अंगणातला पिंपळ पार बोडका झाला होता. गल्लीत कुणी मुंजा कोपल्याचंही बोलून गेलं. दहा-बारा दिवसांनी झाडाखालच्या गाडीच्या सीटवर गुलाबीसर, कागदासारखी पातळ टोपणं पडलेली दिसली. पिंपळाची कोवळी कळी अशा टोपणात गुंडाळलेली असते. पान उलगडलं की टोपण गळतं. वर पाहिलं, तर फांद्यांच्या टोकांना तांबडी, लुसलुशीत पानं लोंबत होती.

नागपूरचा वसंत असाच येतो. रामटेकच्या वाटेवर पळस पेटतो, पहाटे नर कोकीळ ओरडायला लागतो, दुपारी तांबट पक्ष्याची टुक्-टुक् थांबत नाही. पण मला सगळ्यात नवल वाटतं ते पालवीचं. पावसाळा सप्टेंबरअखेर सरला, पुढचा पाऊस जूनमध्ये, पारा चाळिशीकडे चाललाय. मग या पानांना पाणी येतं कुठून?

उत्तर पानगळीतच आहे. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ बाहेर पडते, तसं पाणी खोडातल्या जलवाहिन्यांमधून वर ओढलं जातं. जमीन कोरडी पडत गेली की ही ओढ वाढते, जलवाहिन्यांतलं पाणी रबरासारखं ताणलं जातं आणि खोडाच्या पेशींतलं पाणीही त्या ताणाकडे सरकतं. उन्हाच्या दिवसांत खोडाचा घेर मिलिमीटरच्या अंशाने का होईना, चक्क आक्रसतो. अशा वेळी कळीतल्या पेशी फुगू शकत नाहीत, कारण पेशी वाढते ती आतल्या पाण्याच्या दाबावर. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर सुटा होतो आणि जुनी पानं गळतात. पाणी उडवणारा पृष्ठभागच गेला, तसा ताण सैलावतो. खोल मुळं मात्र ओल शोषतच राहतात. ते पाणी आता हवेत न जाता खोडात साठतं, दाब वाढतो, कळ्या फुगतात. बोडकं झाड म्हणजे टाकी भरून घेणारं झाड!

मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिका देशात, ग्वानाकास्ते भागातल्या कोरड्या जंगलात रॉल्फ बोर्चर्ट या शास्त्रज्ञांनी हा हिशेब बारकाईने तपासला. जमिनीतली आणि खोडातली साठवण यांवर कोणतं झाड कधी पालवणार हे ठरतं, असं त्यांनी 1994 मध्ये मांडलं. पाणी भरलं तरी मुहूर्त कशावरून? तिथल्या अनेक झाडांबाबत तो वाढत्या दिवसावरून ठरतो असं दिसलं. आपल्याकडे 21 मार्चच्या आसपास दिवस रोज सुमारे एका मिनिटाने वाढत असतो. एवढा फरकही झाडाला कळू शकतो. पाऊस येईल तेव्हा पानं तयार असतात, हा त्यातला मोठा फायदा.

कोवळ्या पानांचा तांबडा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. हरितद्रव्य पुरेसं तयार होईपर्यंत तो कोवळ्या पानाला कडक उन्हापासून आडोसा देतो, असं एक स्पष्टीकरण आहे.

याच झाडाबद्दल मोबाईलवर फिरणारा "पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो" हा संदेश चूक आहे. ऑक्सिजन सुटतो तो प्रकाशात पाण्याचा रेणू फुटल्यावर. रात्री पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो.

काल काकाजींना खालची फांदी वाकवून दाखवली. आठवड्यापूर्वीची तांबडी पानं पोपटी झाली होती, आणि शेंड्याला आणखी एक टोपण नुकतंच तडकत होतं.