न दुखणारा मणका

व्हीलचेअरवरून पलंगावर सरकताना कमरेतून 'कटक्' असा आवाज येतो. शेजारी उभ्या असलेल्या बायकोलाही तो ऐकू जातो. ज्याच्या कमरेतून आला, त्याला मात्र काहीच दुखत नाही. काही वर्षांपूर्वी अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन ज्याचं खालचं अंग बधिर झालंय, अशा माणसाने हा आवाज हसण्यावारी नेऊ नये. आत एखादा सांधा निखळून दोन मणके एकमेकांवर घासत असू शकतात. डॉक्टर याला 'शार्को स्पाइन' म्हणतात.

एसटीने चार तासांचा प्रवास करताना आपण किती वेळा बूड सरकवतो, ते एकदा मोजून बघा. दोन मणक्यांमधल्या चकतीच्या बाहेरच्या कडेतून, मणक्यांच्या मागच्या छोट्या सांध्यांतून, त्यांना बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांतून सारखे निरोप वर जात असतात: फार वाकलास, फार पिळलास. मेंदूपर्यंत गोष्ट पोचायच्या आतच पाठीचे स्नायू लगाम खेचतात. मज्जारज्जूची इजा हे सगळंच बिघडवते. दुखणं जातं आणि लगामही सुटतो.

'शार्को स्पाइन' हे नाव पडलं ते पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर जाँ-मार्टिन शार्को यांच्यावरून. 1868 साली त्यांनी ज्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यांचा जुना उपदंश (सिफिलिस) मज्जारज्जूत शिरला होता आणि सांधे विचित्र पद्धतीने नासले होते. शार्कोंचं म्हणणं असं, की हाडांचं पोषण मज्जासंस्थेच्या ताब्यात असतं आणि तेच तुटलं. जर्मनीत फोल्कमान आणि फिर्खो या डॉक्टरांना ते पटेना. पोषणाचं काही नाही, बधिर सांध्याला बारीकसारीक मार बसत राहतात आणि मालकाला पत्ता नसतो, असं त्यांचं मत. 1917 मध्ये एलोसर या अमेरिकन सर्जनने मांजरांच्या पायाकडून येणाऱ्या संवेदनेच्या नसांची मुळं कापली. बधिर झालेल्या सांध्याला मुद्दाम इजा केली, की तो झपाट्याने मोडीत निघे. जर्मनांचं पारडं जड झालं, पण शार्कोही अगदीच चुकले नव्हते. रक्तवाहिन्यांवरचं मज्जातंतूंचं नियंत्रण सुटलं की हाडातला रक्तप्रवाह वाढतो आणि हाड ठिसूळ होतं, असं आज मानतात. ठिसूळ हाडाला न कळणारा मार, असं दोन्ही मिळून घडतं.

पेनिसिलीन आल्यावर उपदंशाचे असे रुग्ण कमी झाले. मधुमेहात पावलाचे सांधे असेच कोसळतात, कुष्ठरोगातही. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं, की बोटं रोगाने 'झडत' नाहीत, न जाणवलेल्या जखमांनी जातात. मणक्याच्या बाबतीत आज मुख्य कारण आहे मज्जारज्जूची इजा, आणि हा रोग उगवतो तो बहुधा अनेक वर्षांनी.

व्हीलचेअर वापरणाऱ्याला त्वचेची काळजी घ्यायला शिकवतात. हातांवर भार देऊन थोड्या-थोड्या वेळाने अंग उचला, आरशात पाहून लाल चट्टा शोधा. मणक्याला आरसा लावता येत नाही. त्यात खुर्चीतल्या माणसाचं सगळं वाकणं-वळणं धडातूनच होतं. अपघातानंतर घातलेल्या रॉड-स्क्रूंनी वरचे मणके एकजीव झालेले असतील, तर हालचालीचा सगळा ताण रॉड संपतो तिथल्या पहिल्या मोकळ्या सांध्यावर येतो. म्हणून हा रोग बहुतेकदा इजेच्या खाली, कमरेत गाठतो.

मग कळायचं कसं? आडवळणाने. आवाज येतो. पूर्वी सरळ बसणारा माणूस एका बाजूला कलू लागतो, एका हाताचा टेकू घेतल्याशिवाय बसवत नाही. पायांना येणारे आकडे, म्हणजे स्नायूंचे आपोआप येणारे झटके, अचानक वाढतात किंवा चक्क थांबतात. आकडे थांबले म्हणून घरचे खूश होतात. मला तर हेच लक्षण सगळ्यात फसवं वाटतं. इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर बसल्याबसल्या डोकं ठणकतं, चेहरा घामाने डबडबतो, रक्तदाब चढतो. शरीर तक्रार करतंय, फक्त नेहमीच्या भाषेत नाही.

एमआरआयमध्ये खाल्लेले मणके आणि भोवती पाण्याची पिशवी दिसली, की आपल्याकडे पहिला संशय टीबीचा, आणि तो रास्तच आहे. पण टीबी बहुधा मणक्याचा पुढचा भाग पोखरतो. शार्कोमध्ये मागचे छोटे सांधेही उद्ध्वस्त होतात, भोवती हाडाचा चुरा पसरलेला असतो आणि चकतीच्या जागी सीटी स्कॅनमध्ये वायूची काळी फट दिसू शकते. तरीही तुकडा काढून तपासावा लागतो, कारण बधिर सांध्यात जंतुसंसर्गही होऊ शकतो.

झीज थोडी असेल तर पट्टा आणि लक्ष ठेवणं. सांधा डगमगत असेल तर शस्त्रक्रिया: पुढून आधार, मागून लांब रॉड, आणि बरेचदा ते थेट कटीच्या हाडापर्यंत न्यावे लागतात. मधेच थांबलं तर खालचा पुढचा सांधा त्याच वाटेने जाऊ शकतो. पण कटीपर्यंत सगळं जखडलं, की कमरेतून वाकणं संपलं. तो निखळलेला सांधा, कितीही वाईट असला तरी, वाकत होता. त्याच्याच जोरावर माणूस स्वतःची पँट चढवत होता, लघवीसाठी स्वतः कॅथेटर (नळी) घालत होता. म्हणून शस्त्रक्रियेआधी सर्जनने स्कॅनइतकंच बारकाईने विचारायला हवं, की सकाळी कपडे कसे घालता.