मांजर आडवं गेलं, म्हणून शुगर तपासायची राहिली

“काल तारीख होती, काऊन नाही आले?” नागपुरातल्या दवाखान्याच्या काउंटरवर या प्रश्नाला काय काय ऐकायला मिळतं! निघताना मांजर आडवं गेलं जी. अमावस्येला आमच्यात सुई टोचून घेत नाहीत. पोळा होता, बैल सजवायचे होते. तब्येत फारच बिघडली होती, म्हणून डॉक्टरकडे येता नाही आलं. आणि हमखास येणारं एक: रक्त द्यायलाच निघालो होतो, पण कोपऱ्यावर तर्री-पोहे खाऊन झाले.

हसू येतं खरं, पण या सबबी बऱ्याच अंशी प्रामाणिक असतात. मांजराची थाप मारून कोणाला काय मिळणार? अशा माणसाला जवळची दुसरी तारीख दिली की प्रश्न मिटतो. जपायला हवं ते गुळगुळीत उत्तरांना: “काम होतं”, “विसरलो”, “आता बरं वाटते.” आजाराच्या दृष्टीने धोका बहुधा तिथे असतो.

आधी पोह्यांचं बघू. उपाशीपोटी साखर तपासायची तर किमान 8 तास काही खायचं नाही, साधं पाणी चालतं. पोहे खाल्ले म्हणजे ही एक तपासणी त्या दिवशी होणार नाही, एवढंच. तिथून परत फिरायचं कारण नाही. एचबीए1सी ही तपासणी खाल्ल्यावरही होते. रक्तातली साखर लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हणून हा आकडा गेल्या 2 ते 3 महिन्यांची सरासरी सांगतो. काउंटरवर “खाऊन आलो आहे” एवढं सांगायचं. तारखेच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस पिऊन हा आकडा खाली येत नाही, हेही ओघानं सांगितलेलं बरं.

विदर्भात मात्र इथे एक गोम आहे. या भागात सिकलसेलचं, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक रक्तविकाराचं, प्रमाण बरंच आहे. सिकलसेलच्या रुग्णाची लाल पेशी 120 नव्हे, जेमतेम 10 ते 20 दिवस टिकते. साखर चिकटायला वेळच मिळत नाही आणि एचबीए1सी खोटा कमी येतो. मधुमेह बळावलेला असतो, कागद मात्र छान दिसतो. अशा रुग्णासाठी फ्रुक्टोसामाइनची तपासणी उपयोगी पडते. ती रक्तातल्या प्रथिनांवरून मागच्या 2 ते 3 आठवड्यांचा हिशेब देते. नुसता वाहक, म्हणजे आई किंवा वडील एकाकडूनच हा दोष आलेला, असेल तर त्याची पेशी जवळपास नेहमीइतकी जगते, तरी काही यंत्रपद्धतींत आकडा चुकू शकतो. घरात कोणाला सिकलसेल असेल तर प्रयोगशाळेत आधीच सांगावं.

“विसरलो” या उत्तराकडे आता वळू. पुढे करायचं काम आठवणं ही झालेलं आठवण्यापेक्षा वेगळी कसरत आहे: नेमक्या वेळी, कोणी न विचारता, आपणहून आठवावं लागतं. त्यामुळे तारीख जितकी लांबची, तितकी ती चुकण्याची शक्यता जास्त. यावर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेला उपाय अगदी साधा आहे: “जाईन” असं न ठरवता, “अमुक वाजता अमुक झालं की निघेन” असं ठरवायचं. अमेरिकेत एका कंपनीच्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीसाठी तारीख आणि वेळ स्वतः लिहायला सांगितली, तेव्हा लस घेणाऱ्यांचं प्रमाण साधारण 4 टक्क्यांच्या अंतराने वाढलं. आकडा छोटा वाटेल, पण त्यासाठी खर्च झाला तो कागदाचा. म्हणून पुढची तारीख कर्मचाऱ्याने केसपेपरवर खरडू नये, पेन रुग्णाच्या हातात द्यावं. लिहिता येत नसेल तर सोबतच्या माणसाने लिहावं आणि रुग्णाने मोठ्याने म्हणावं: “बुधवारी, आठची बस, लेकासोबत.”

मोबाइलवर आठवण पाठवल्याने हजेरी वाढते, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे. मजकुराचाही फरक पडतो. लंडनमधल्या एका प्रयोगात न येण्यामुळे सरकारी आरोग्यसेवेचे किती पौंड वाया जातात, हे संदेशात लिहिलं. चुकलेल्या तारखा 11.1 टक्क्यांवरून 8.4 टक्क्यांवर आल्या. आपल्याकडे पैशांपेक्षा “तुमच्या जागी दुसऱ्याचा नंबर लागू शकतो” हे अधिक लागू पडेल असं वाटतं. दोन संदेश पुरेत: 3 दिवस आधी एक, म्हणजे रद्द करायला वेळ राहतो, आणि आदल्या संध्याकाळी दुसरा. मजकूर मराठीत हवा. वार, वेळ, खोली क्रमांक, उपाशी यायचं की खाऊन, जुने कागद कोणते, आणि न जमल्यास फोन कुठे करायचा, एवढं त्यात हवं. तारीख देताना तिथीचं कॅलेंडर समोर ठेवावं. श्रावण अमावस्येला पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक. त्या दिवशी महाल-इतवारीतून वाट काढून दवाखाना गाठणं अवघडच.

राहिलं “आता बरं वाटते.” क्षयरोगात हे सगळ्यात महागात पडतं. पहिल्या 2 महिन्यांत 4 औषधं चालतात. ताप उतरतो, खोकला कमी होतो, वजन चढतं. पण जंतूंचा एक चिवट गट सुस्त पडून असतो, त्याच्यासाठी पुढचे 4 महिने असतात. मध्येच सोडलं तर तोच गट उठतो, औषधाला न जुमानणारा होऊन उठण्याचीही भीती. दुसरी एक गोष्ट: 1990 साली मिरगीच्या रुग्णांच्या गोळ्यांची नोंद इलेक्ट्रॉनिक झाकणांच्या डब्यांनी ठेवली गेली. भेटीच्या आधीच्या 5 दिवसांत 88 टक्के गोळ्या वेळेवर, भेटीनंतरच्या 5 दिवसांत 86 टक्के, आणि महिन्याभराने 67 टक्के. गोळ्या घेणं भेटीभोवती जोर धरतं. भेट चुकली की हा जोर चुकतो.

तारीख चुकलीच असेल तर दवाखान्याला त्याच दिवशी फोन करावा. गोळ्या संपायला 3 दिवसही उरले नसतील तर ते पहिल्या वाक्यात सांगावं. बीपी, शुगर, मिरगी, क्षयरोग यांची औषधं पुढच्या तारखेपर्यंत आपल्या मनाने बंद करू नयेत. सिकलसेलसाठी हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर रक्ताची तपासणी राहू देऊ नये, कारण या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरू शकतात आणि ते आतून कळत नाही. आणि काउंटरवर खरं कारण सांगावं, मग ते मांजर का असेना.