तातडीचा रात्रनिवारा : एलजीबीटीक्यू तरुणांसाठी

समलिंगी, उभयलिंगी किंवा पारलिंगी (ट्रान्सजेंडर) असल्याचे घरी कळल्यावर बाहेर काढलेल्या, किंवा मार चुकवून स्वतःच निघालेल्या तरुणांना त्याच रात्री पाठ टेकायला जागा देणारी सोय. वसतिगृह महिन्यांचा हिशेब करते. इथे हिशेब दिवेलागणीपासून उजाडेपर्यंतचा असतो.

अशा जागा प्रथम समलिंगी-पारलिंगी हक्कांच्या चळवळीतल्याच लोकांनी काढल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७० साली मार्शा पी. जॉन्सन आणि सिल्व्हिया रिव्हेरा यांनी रस्त्यावरच्या पोरांसाठी घर चालवले. तिथलेच अली फोर्नी सेंटर हे निवारा केंद्र २००२ मध्ये एका चर्चच्या तळघरात सहा खाटांवर सुरू झाले.

आपल्याकडे त्याहून जुनी सोय म्हणजे तृतीयपंथीयांचा गुरू-चेला संबंध. गुरूच्या घरी चेल्याला त्याच रात्री जेवण आणि अंथरूण मिळते, आधार कार्ड कोणी मागत नाही. बदल्यात जमातीचे नियम पाळायचे आणि कमाईतला वाटा द्यायचा. कॉलेजातल्या समलिंगी मुलाला किंवा मैत्रिणीसोबत पळालेल्या मुलीला मात्र हा दरवाजा आपला वाटत नाही.

सरकारी व्यवस्थेत दोन वाटा आहेत. एक, शहरी बेघरांचे निवारे : राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार लाख लोकवस्तीमागे किमान १०० जणांची सोय आणि माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती. म्हणजे या हिशेबाने नऊशेहून अधिक जणांची सोय हवी. दुसरी, पारलिंगी व्यक्तींसाठीची ‘गरिमा गृह’ योजना. तिचे पहिले केंद्र नोव्हेंबर २०२० मध्ये बडोद्यात सुरू झाले. एका गृहाची क्षमता साधारण २५ असते आणि भर पुनर्वसनावर असतो. रात्री अकराला सोलापूर रेल्वे स्टेशनवर पिशवी घेऊन बसलेल्या पोराच्या कामी ती लगेच येत नाही. त्याच्यासमोर रात्रीची मुंबईची गाडी उभी असते, आणि जनरल डबा हाच पहिला निवारा ठरतो.

खरी अडचण निवाऱ्याच्या दारातल्या वहीत असते. नाव, वडिलांचे नाव, स्त्री की पुरुष. पुरुषांच्या दालनात पाठवलेली पारलिंगी मुलगी रात्रभर डोळा मिटत नाही. आंघोळीच्या मोरीला कडी नसली तर आंघोळच टाळते. त्याहून घातक म्हणजे पहारेकऱ्याची माया : ‘बाळा, घरचा नंबर दे, मी समजावतो.’ तो एक फोन गेला की तासाभरात मामा-काका दारात येतात. म्हणून चांगल्या निवाऱ्यात सज्ञान व्यक्तीच्या संमतीशिवाय घरी कळवत नाहीत, राहणाऱ्याने सांगितलेले नाव लिहितात आणि झोपण्याची जागा त्याला विचारून ठरवतात. मोबाइल चार्जिंगची सोय आणि सामानाला कुलूप हवे, कारण घाईत उचललेल्या पिशवीत बहुधा तेवढेच उरलेले असते.

वय अठराच्या आत असेल तर नियम बदलतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे मुलाला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावे लागते. मदतीसाठी १०९८ हा क्रमांक आहे. पारलिंगी व्यक्तीला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणे २०१९ च्या कायद्याने गुन्हा ठरवले, शिक्षा सहा महिने ते दोन वर्षे. पण तक्रार आईवडिलांविरुद्ध करायची असते, आणि ती पहिल्याच रात्री क्वचितच कोणी करते.

सोलापूर जिल्हा या बाबतीत अगदीच कोरा नाही. माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावाने २०१७ मध्ये तृतीयपंथी उमेदवाराला सरपंच म्हणून निवडून दिले. मत देणे आणि घरात ठेवणे यांत मात्र अंतर आहे.

सकाळी पुढची अडचण सुरू होते. पारलिंगी ओळखपत्रासाठी अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, कामावर ठेवणारा कागद मागतो, आणि दाखले व आधार कार्ड घरच्या लोखंडी कपाटात असतात.